दर दोनशे गोळ्यांनी ग्रूप फुटतो: .२२ रायफलची बॅरल खरंच गेली का, आणि गेली असेल तर नवी कशी निवडायची

तक्रार साधारण अशी असते. ५० मीटरवर .२२ रायफल छान चाललेली असते आणि एक दिवस ग्रूप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. बॅरल साफ केली की दोन सराव बरे जातात, तिसऱ्याला पुन्हा तेच. आधी हे तीनशे गोळ्यांनी व्हायचं, मग दोनशेंनी, आता शंभर झाल्या की नऊ-आठ लागायला लागतात. रेंजवर कोणीतरी सांगतंच, "बॅरल गेली रे, बदलून टाक." आणि माणूस कॅटलॉग उघडून बसतो.

इथे एकाच लक्षणाखाली दोन वेगळे आजार असू शकतात. पहिल्यात बॅरल धडधाकट असते आणि दुसरंच काहीतरी सैल, ओलं किंवा मळकं झालेलं असतं. दुसऱ्यात चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या दोन-तीन इंचांतलं पोलाद खडबडीत झालेलं असतं, त्यावर शिसं आणि कार्बन भराभर चढतो, साफ केल्यावर तेवढ्यापुरता उतरतो. पहिला प्रकार जास्त आढळतो. दुसऱ्याची खूण एकच, पण पक्की: साफसफाईनंतर रायफल किती गोळ्या टिकते, तो आकडा दर खेपेला घटत जातो. म्हणून वहीत तारीख, काडतुसांचा लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनली त्याचा क्रमांक) आणि साफ केल्यापासून झालेल्या गोळ्या एवढं लिहायला आजपासून सुरुवात करा. ही नोंद नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

ग्रूप कुठल्या दिशेने फुटतो ते बघा

आधी मोजायचं कशाशी ते ठरवू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं आणि गोळीचं भोक ५.६ मिमीचं धरतात. भोकाची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवं. केंद्र ते केंद्र १६ मिमीपर्यंतचा गोल ग्रूप, बरोबर मध्यावर बसला तर, सगळेच दहा देतो. चांगली मॅच बॅरल आणि तिला मानवणारा लॉट असेल तर व्हाइसमध्ये बांधून मारलेल्या १० गोळ्या १०-१२ मिमीत बसायला हव्यात. २० च्या वर गेल्या की काहीतरी बिघडलंय.

ग्रूप आडवा पसरला असेल तर बॅरलला हात लावू नका. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा, जो कॉलरही धड हलवत नाही, या गोळीला ५० मीटरवर दीड ते दोन सेंटीमीटर ढकलतो. वरळीला दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि तो एका वेगाने कधीच येत नाही. तुलना करायची असेल तर सकाळीच करा, तीही वाऱ्याच्या चिंध्या लावून.

उभा पसरला असेल तर वेगातला फरक आठवा. मॅच काडतुसाची गोळी साधारण सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते आणि ५० मीटरला पोचेपर्यंत जवळपास १२-१३ सेंटीमीटर खाली पडते. त्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर ७ ते ८ मिमी वरखाली होतं. कारणं तीन: काडतुसांचा लॉट, फायरिंग पिनचा अशक्त ठोका, आणि चेंबरच्या तोंडाशी साचलेलं कार्बनचं कडं.

सगळीकडे गोल पसरला असेल तर बेडिंग (रायफलचा धातूचा भाग स्टॉकमध्ये जिथे बसतो ती बैठक), क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) किंवा खरोखरच बॅरल. आणि नऊ गोळ्या एकत्र, दहावी लांब, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर साइट, फोरसाइटची रिंग किंवा तोंडाला लावलेली नळी सैल आहे का ते हाताने हलवून बघा. हास्यास्पद वाटेल, पण एक ढिला स्क्रू सापडून बॅरलचा विषय तिथेच संपण्याचे प्रसंग कमी नाहीत.

पाच गोळ्यांच्या एका ग्रूपवरून काही ठरवू नका. त्याच रायफलचा, त्याच लॉटचा पाच गोळ्यांचा ग्रूप नुसत्या योगायोगाने एकदा ७ मिमी आणि एकदा १४ मिमी येऊ शकतो. दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रूप मारा आणि सरासरी काढा. १० गोळ्यांचा ग्रूप पाचच्या ग्रूपपेक्षा सरासरीत पाव हिश्शाने मोठाच दिसतो, तेव्हा जुन्या पाचच्या ग्रूपशी नवा दहाचा ताडून घाबरून जाऊ नका.

बॅरल सोडून बाकीचं, या क्रमाने

काडतुसं. एकाच लॉटची नवी, न उघडलेली पेटी घ्या. एली टेनेक्स असो, आरडब्ल्यूएस आर-५० असो की लापुआची, लॉट बदलला की रायफलसाठी ती वेगळी काडतुसंच झाली. गोळीवर मेणासारखं वंगण असतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत पेटी राहिली तर ते वितळून एका बाजूला उतरतं. अशी पेटी सरावाला वापरा, चाचणीला नको.

अ‍ॅक्शनचे, म्हणजे बोल्ट धरणाऱ्या धातूच्या भागाचे, स्क्रू. स्टॉक लाकडी असेल तर जूनपासून लाकूड फुगतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बसतं. स्क्रू एप्रिलमध्ये आवळलेले असतील तर ऑगस्टमध्ये त्यांच्यावरचा ताण तोच राहत नाही. टॉर्क पाना वापरा. आकडा रायफलच्या पुस्तिकेतला, तो हाताशी नसेल तर बऱ्याच मॅच रायफलींना ५ न्यूटन मीटरच्या आसपास चालतं. दोन्ही स्क्रू एकदम आवळू नका, आधी दोन्ही हलके टेकवा, मग पुढचा, मग मागचा.

बेडिंगची परीक्षा याच वेळी होते. रिकामी रायफल उभी धरा, स्टॉकचं पुढचं टोक आणि बॅरल यांच्या फटीवर बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सोडा. बॅरल स्टॉकपासून उचलली जाताना बोटाला जाणवली तर अ‍ॅक्शन वाकून बसत होती. डायल गेज लावला तर ०.०५ मिमीपर्यंतची हालचाल चालवून घेता येते, त्यापुढे बेडिंगचं काम निघालं. वाकलेल्या अ‍ॅक्शनवर नवी बॅरल चढवली तरी ग्रूप तसाच राहणार.

फायरिंग पिन. दहा रिकाम्या पुंगळ्या एका ओळीत मांडा आणि रिमवरचे (मागच्या कडेवरचे) ठोके भिंगाखाली बघा. सगळे सारखे खोल, सारख्या जागी हवेत. उथळ दिसले तर बोल्टमधलं घट्ट झालेलं तेल काढा, तरीही तसेच राहिले तर स्प्रिंग बदला. बॅरलच्या तुलनेत स्प्रिंगचा खर्च चहापाण्यासारखा.

क्राउन. बॅरलचं तोंड पुसायच्या आधी बघा. शिशाचे आणि मेणाचे करडे किरण चारही बाजूंनी सारखे पसरलेले असतील तर गॅस सगळीकडून एकदम सुटतोय. एका बाजूला किरण लांब, दुसरीकडे नाहीच, असं असेल तर कडेला इजा आहे. कापसाची काडी आतून बाहेर ओढत कडेवरून गोल फिरवा, धागा जिथे अडकेल तिथे ओरखडा. हे दुरुस्त होतं. परवानाधारक गनस्मिथ क्राउन नव्याने काढून देतो आणि बॅरल वाचते. मात्र त्यासाठी बॅरल आखूड करावी लागणार असेल तर थांबा, त्याचं कायद्याचं अंग पुढे येतं.

कार्बनचं कडं

यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण "साफ केली तरी फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नेमकी हीच जागा साफ केलेली नसते.

.२२ लाँग रायफलची पुंगळी १५.६ मिमी लांब. ती चेंबरमध्ये जिथे संपते, तिथून पुढे गोळी बॅरलच्या आतल्या पिळदार खोबण्यांत शिरायला लागते. दर फैरीला जळलेली दारू, प्राइमरमधल्या काचेच्या पुडीचे कण आणि मेण या सांध्यावर बसतं. शे-दोनशे गोळ्यांत तिथे काळं, काचेसारखं टणक कडं तयार होतं. नुसती चिंधी त्यावरून घसरत पुढे जाते. चिंधी पांढरी बाहेर आली म्हणून आपण खूश, आणि कडं तिथेच.

ते काढायची रीत: बोल्ट काढा, रॉड गाइड बसवा. कार्बनसाठीच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी चेंबरच्या पुढच्या सांध्यापर्यंत नेऊन १५ मिनिटं तिथेच ठेवा. मग पितळी तारेच्या ब्रशने फक्त त्या इंचभर जागेत रॉड गोल फिरवत दहा-बारा वळसे. पुन्हा चिंधी, पुन्हा भिजवणं. दोन-तीन आवर्तनं लागतात. रॉड अखंड, लेप दिलेला आणि चेंबरच्या बाजूनेच. तांब्यासाठीची अमोनियाची सॉल्व्हंटं इथे निरुपयोगी, या गोळ्या शिशाच्या असतात, तांब्याचं आवरणच नाही.

कडं निघालं की नाही ते रॉड सांगतो. घट्ट बसणारी कोरडी चिंधी सावकाश ढकला. चेंबर संपताच एकदा घट्ट लागेल, ते बरोबर. पुढे रॉड एकसारख्या जोराने सरकायला हवा. पहिल्या दोन-तीन इंचांत किरकिर जाणवली, चिंधी मध्येच सैल आणि मध्येच घट्ट झाली, तर ती जागा लक्षात ठेवा. चांगल्या मॅच बॅरल तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पुन्हा घट्ट लागलं तर तो दोष धरू नका.

पूर्ण साफ केल्यावर पहिल्या १०-२० गोळ्या मोजणीत धरू नका. बॅरलमध्ये मेणाचा थर नव्याने बसायला तेवढ्या लागतात. नंतर दहाचे चार ग्रूप मारा आणि ५०, १००, १५० व २०० गोळ्यांनंतर प्रत्येकी एक, सगळे व्हाइसमध्ये किंवा वाळूच्या पिशव्यांवर. ग्रूप पूर्वीसारखा आणि २०० पर्यंत टिकला? बॅरल बदलायची गरज नाही.

बॅरल गेली हे कधी म्हणायचं

बोअरस्कोप, म्हणजे बॅरलच्या आत बघायचा बारीक कॅमेरा, हवा. हल्ली मोबाइलला जोडायचे स्वस्त मिळतात. एक सावधगिरी: त्यातून बघितलं की नवी कोरी बॅरलसुद्धा जुलैतल्या रस्त्यासारखी दिसते. हत्यारांच्या बारीक रेघा सगळ्यांत असतात, त्या बघून निर्णय घ्यायचा नाही. बघायचं ते चेंबरच्या लगेच पुढे, घड्याळातल्या सहाच्या जागी. जळक्या प्राइमरची काचेची पूड बॅरलच्या तळाशी पडते आणि पुढची गोळी ती घासत नेते. झिजलेल्या बॅरलमध्ये तिथला पृष्ठभाग बेडकाच्या पाठीसारखा खरबरीत दिसतो, खोबणीची कड गोल झालेली असते, बाकी बाजू मात्र अजून चकचकीत. ही झीज काही इंच लांब पसरली असेल आणि साफसफाईनंतरचा टिकाव शंभरच्या खाली आला असेल तर नवी बॅरल शोधायला लागा.

मुंबईत दुसरं कारण जास्त दिसतं: गंजाचे खड्डे. ते एका बाजूला नसतात, कुठेही आणि सुट्या ठिपक्यांत असतात, बहुतेकदा तोंडाच्या बाजूच्या शेवटच्या चार इंचांत, कारण केसमध्ये रायफल ठेवताना ओलावा तिथून शिरतो. वरवरचा तांबूस गंज तेलाच्या चिंधीने निघतो. खाली काळा खड्डा राहिला आणि प्रत्येक सरावानंतर त्याच जागी शिशाची रेघ दिसली, तर तो जाणार नाही. तोंडाजवळचे खड्डे ग्रूपला सर्वांत जास्त नडतात.

चेंबरच्या पुढची झीज काही जण बॅरल मागून कापून, चेंबर नव्याने काढून घालवतात. चांगल्या बॅरलला हे आणखी काही वर्षं देऊ शकतं, पण त्यासाठी हेडस्पेस (बंद बोल्ट आणि रिमची बैठक यांतलं अंतर) पुन्हा बसवणारा कारागीर हवा, आणि लांबी घटते म्हणून परवानगी आधी लागते.

घरात आजोबांच्या काळची .३०-०६ किंवा .३१५ ची शिकारी रायफल असलेलेही हाच प्रश्न विचारतात, म्हणून थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि साध्या परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकीच. त्या बॅरलमधून आयुष्यभरात इतक्या गोळ्या गेलेल्याच नसतात की पुढचा घसा जळावा. तिथे बिघडलेलं असतं ते गंजाने, तांब्याच्या साचलेल्या थराने किंवा आकसलेल्या लाकडाने, आणि तपासण्याचा क्रम वरचाच. फक्त त्यांना तांब्याचं सॉल्व्हंट लागतं. .३०-०६ ची बॅरल खरोखरच बदलायची वेळ आली तर पीळ १० इंचांत एक फेरा हाच प्रचलित.

नवी निवडताना

पहिला प्रश्न ब्रँडचा नसतो. तुमच्या अ‍ॅक्शनला बॅरल कशी धरते ते आधी बघा. काहींत ती आट्यांवर बसते, काहींत आडव्या पिनांवर, काहींत क्लॅम्पच्या स्क्रूंवर. क्लॅम्पवाल्यांत बदल सोपा. पिनवाल्यांत पिना नेमक्या जागी बसवणं हे कसबी काम आहे. तयार चेंबर काढलेली, त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची बॅरल घेतली तर निम्मी डोकेदुखी टळते. रिकामी नळी, म्हणजे ब्लँक, घेऊन चेंबर इथे काढून घ्यायचा विचार असेल तर ज्याच्याकडे .२२ चा मॅच रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) आणि हेडस्पेस गेज दोन्ही आहेत असा परवानाधारक माणूस आधी शोधा, ब्लँक नंतर.

हेडस्पेस तयार बॅरलवरही तपासून घ्याच. .२२ मध्ये तो रिमच्या जाडीवर ठरतो: किमान १.०९ मिमी, कमाल १.१७ मिमी. मॅच रायफल किमान टोकाजवळ ठेवतात. सैल राहिला तर ठोक्याचा जोर काडतूस पुढे ढकलण्यात जातो आणि ग्रूप उभा फुटतो, म्हणजे नव्या बॅरलवर जुनीच तक्रार.

चेंबर मॅचच घ्या. यात बंद बोल्टमागे गोळी खोबण्यांत किंचित रुतूनच बसते. काडतूस न मारता बाहेर काढलं तर गोळीवर खोबण्यांचे बारीक ठसे चारही बाजूंनी सारखे दिसायला हवेत. एकाच बाजूला ठसा म्हणजे चेंबर तिरका, बॅरल परत करा. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: भरलेलं काडतूस काढताना कधीकधी पुंगळी येते आणि गोळी आत राहते, दारू सांडते. तशी वेळ आली तर पुढचं काडतूस भरण्याआधी रॉड आरपार जातो का बघा.

पोलाद. दोनच पर्याय समोर येतात, क्रोम-मॉली आणि ४१६ प्रकारचं स्टेनलेस. मुंबईत स्टेनलेस घ्यावं असं बहुतेक जण सांगतात आणि ते बरोबर आहे, पण अर्धंच. ४१६ नीट कापता यावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं, त्यामुळे ते स्वयंपाकघरातल्या स्टीलइतकं गंजाला दाद न देणारं नाही. खाऱ्या हवेत त्यालाही ठिपके पडतात, फक्त उशिरा. क्रोम-मॉली रोज पुसणाऱ्याकडे वर्षानुवर्षं टिकते. आपण पुसणारे आहोत की नाही हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे ठरवावं.

पीळ १६ इंचांत एक फेरा, म्हणजे साधारण ४०६ मिमी. काही युरोपीय बॅरल किंचित सैल पिळाच्या असतात, त्याही चालतात. ४० ग्रेनच्या गोळीला याहून तिखट पीळ लागत नाही. खोबण्या चार की सहा की आठ यावर रेंजवर तासन्‌तास वाद होतात, तो वेळ सरावाला द्या.

लांबीबद्दल मात्र विचार करा. .२२ ची दारू सोळा ते एकोणीस इंचांतच काम संपवते, पुढची बॅरल वेग वाढवत नाही. २६-२७ इंची लांबी जुन्या काळी दोन साइटमधलं अंतर वाढावं म्हणून आली. तेच अंतर आज आखूड बॅरलला पुढे हलकी नळी लावून मिळतं, आणि गोळी लवकर बाहेर पडते. वजनाचा हिशेब असा: २२ मिमी व्यासाची सरळ, ६६० मिमी लांब पोलादी बॅरल १.८४ किलो भरते. तीच २० मिमी व्यासाची घेतली तर दीड किलो. २२ मिमीचीच पण ५०० मिमी लांब घेतली तर १.४ किलो. जुनीपेक्षा साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा फरक पडला की तोल सरकतो, उभ्याने मारताना डाव्या हाताला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. वजन उरलं तर पट्ट्या लावून भरता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. स्टॉकच्या खाचेत नवा व्यास मावतो का, आणि सभोवती दोन जाड पुठ्ठे सहज सरकण्याएवढी फट राहते का, हे ऑर्डरच्या आधी मोजा.

वापरलेली बॅरल मिळत असेल तर विकणाऱ्याच्या "फक्त पाच हजार झाल्यात" यावर जाऊ नका. सहाच्या जागी बोअरस्कोप, क्राउनवर कापूस, आणि क्रमांक कागदाशी ताडून बघा. क्रमांक घासलेला दिसला तर हात न लावता निघा.

कागद

१९५९ च्या शस्त्र कायद्यात बॅरल हा शस्त्राचाच भाग आहे. कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय व्यवसाय म्हणून करता येत नाही. तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याकडे "नुसतं एक आटं मारून दे" म्हणत बॅरल नेणं त्यालाही अडकवतं आणि तुम्हालाही, त्याचा हात कितीही साफ असो. कलम ६ खाली परवान्याविना बॅरल आखूड करणं गुन्हा आहे. क्राउनसाठी किंवा चेंबरसाठी कापायचं असेल तर म्हणूनच आधी परवाना देणाऱ्या शाखेत अर्ज. मुंबईत ही शाखा पोलीस आयुक्तांकडे येते. परदेशातून मागवायची असेल तर आयातीची परवानगी आधी, पैसे नंतर. उलट क्रम केला तर माल कस्टममध्ये पडून राहतो, आणि तिथलं हवामान बॅरलला मानवत नाही.

बॅरलवर वेगळा क्रमांक असेल तर नव्याची नोंद परवान्यावर करून घ्या. जुनी बॅरल भंगारात देऊ नका, शोभेला भिंतीवर लावू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या आणि ती परवान्याच्या फाइलमध्ये ठेवा.

बसवल्यावर

.२२ ला एक गोळी-एक चिंधी असले सोपस्कार लागत नाहीत. पहिल्या २००-३०० गोळ्या साध्या लॉटच्या मारा, मधे दोनदा साफ करा. त्यानंतरच लॉटची चाचणी: तीन-चार लॉट, प्रत्येकी दहाचे चार ग्रूप, आणि एकातून दुसऱ्यात जाताना दहा-पंधरा गोळ्या सोडून द्यायच्या, कारण आधीच्या काडतुसाचं मेण आत असतं. जुन्या बॅरलचा लाडका लॉट नवीला आवडेलच असं नाही. उरलेला साठा मोठा असेल तर मन घट्ट करा.

आणि ज्या सवयींनी पहिली बॅरल गेली त्या शोधा. तुकड्यातुकड्यांचा उघडा पोलादी रॉड फेकून द्या. केसमधला फोम ओलावा धरतो. घरी पोचल्यावर रायफल केसमध्ये राहू देऊ नका. आत दोन कोरड्या चिंध्या, मग तेलाची एक, पातळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चिंधी फिरवून रंग बघा, तांबूस आली तर आणखी एक तेलाची. मारण्याआधी तेल कोरड्या चिंधीने काढायचं. लोखंडी कपाटात आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहील एवढं सिलिका जेल. नारिंगी जातीचं घ्या, ते ओलं झालं की हिरवट पडतं आणि १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जातीत कोबाल्टचा क्षार असतो, ते घरच्या ओव्हनमध्ये कधीच तापवू नका.

राहिली गाडी. जुलैत बाहेर ३१ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २८ अंशांच्या वर असतो. २४ अंशांच्या एसीत तासभर गार झालेली बॅरल त्या हवेत उघडली की आतून-बाहेरून थेंब धरते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखी. रेंजवर पोचल्यावर केस अर्धा तास बंदच ठेवा. तोवर जॅकेट घाला, मॅट टाका, वारा बघा.